आधी जास्वंद, मग चिकणा

प्रश्न : आम्ही कांदिवलीला राहतो. मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाच. शाळेत फुलांचा तक्ता पाठ करून घेतलाय, त्यामुळे मुलीला ट्यूलिप आणि डॅफोडिल चित्र बघून ओळखता येतात. पण इमारतीच्या फाटकाशी असलेल्या सदाफुलीला तिने ‘छोटा गुलाब’ म्हटलं. मला स्वतःलाही फार नावं येत नाहीत. सासूबाई मालवणच्या. त्यांना भरपूर माहिती आहे, पण गुडघ्यांमुळे त्या खाली उतरत नाहीत आणि त्या सांगतात ती नावं मोबाइलमध्ये सापडत नाहीत. नवरा म्हणतो, मुंबईत कुठली आलीत फुलं, मे महिन्यात गावी गेल्यावर बघतील. मुलांना बागेतली आणि रानातली, दोन्ही फुलं ओळखता यावीत असं मला फार वाटतं. एखादा क्लास किंवा ॲप सुचवाल का? मुलांना फुलं तोडू द्यावीत का? आणि एखादं विषारी निघालं तर, ही धास्ती असतेच. — एक आई

उत्तर :

प्रिय ताई,

तुमच्या यजमानांपासून सुरुवात करते, कारण त्यांचं म्हणणं खोडल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मे महिन्यात गावाकडे झाडं फुललेली असतात हे खरं, पण जमिनीलगतची रानफुलं तेव्हा फारशी नसतात. जमीन तापून कोरडी ठणठणीत झालेली असते. आपल्याकडची बहुतेक रानफुलं पहिल्या पावसानंतर उगवतात आणि जुलै ते ऑक्टोबर या काळात फुलतात. म्हणजे नेमकी शाळा चालू असताना, मुलं मुंबईत असताना. गावाची वाट बघत बसलात तर तेरडा, केना, कुर्डू, टाकळा त्यांच्या नजरेला पडणारच नाहीत. आणि ही सगळी मंडळी मुंबईत आहेत : रेल्वे रुळांच्या कडेला, पडीक प्लॉटच्या पत्र्यामागे, कंपाउंडच्या भिंतीच्या फटीत, फुटपाथच्या लाद्या उखडल्यात तिथे. तुमचं पत्र जूनमध्ये आलं, याचा मला फार आनंद झाला.

तुम्हाला नावं येत नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नका. उलट काही दिवस नावं सांगूच नका. ‘ही सदाफुली’ असं सांगितलं की मूल मान डोलावतं आणि पुढे चालू लागतं. पाकळ्या किती, पानं कशी, वास येतो का, हे बघायचं राहून जातं. एक फूल आठवडाभर बिननावाचं राहू दे. मुलं स्वतःच त्याला काहीतरी नाव ठेवतील, ठेवू देत. खरं नाव त्यानंतर सांगा, ते विसरायचं नाहीत.

तुमच्या मुलीने सदाफुलीला गुलाब म्हटलं, कारण तक्त्यात फक्त फुलाचा रंग आणि आकार असतो. पान नसतं, खोड नसतं, झाड किती उंच हेही नसतं. फूल ओळखायचं तर फुलाइतकंच बाकीचं झाड बघावं लागतं, आणि मुलांना नेमकं तेच कोणी शिकवत नाही. तिला पुन्हा फाटकाशी न्या. सदाफुलीची पानं खोडावर समोरासमोर जोडीने येतात, गुळगुळीत चकचकीत असतात, मधली शीर फिकट असते. गुलाबाचं पान पाच-सात छोट्या पानांचं मिळून झालेलं असतं, कडा करवती, आणि खोडाला काटे. गळून पडलेलं सदाफुलीचं फूल उचला. पाचही पाकळ्या खाली नळीसारख्या जोडलेल्या, त्यामुळे ते अख्खं गळतं. गुलाबाच्या पाकळ्या एकेक करून झडतात. एवढं एकदा स्वतःच्या बोटांनी बघितलं की पुन्हा चूक होणार नाही.

पण पहिला धडा मी सदाफुलीचा देणार नाही, जास्वंदीचा देईन. एकेरी पाकळ्यांची जास्वंद घ्या. गेंदेदार, भरगच्च जास्वंद पहिल्या धड्याला निरुपयोगी, कारण तिचे पुंकेसर बरेचसे पाकळ्यांमध्ये बदललेले असतात आणि काही नीट दिसत नाही. एकेरी फुलात सगळं मोठं आणि उघडं असतं. मधोमध लांब नळी, तिच्यावर पिवळ्या परागांच्या असंख्य गुंड्या, टोकाला पाच छोटे लाल मखमली ठिपके. परागांवर बोट टेकवलं की बोट पिवळं होतं. खाली हिरवा पेला आणि त्याच्याही खाली हिरव्या अरुंद पात्यांचं एक कडं. मुलांना पाच पाच मोजू द्या : पाकळ्या पाच, ठिपके पाच.

आता त्यांना घेऊन फुटपाथवर चला आणि चिकणा शोधा. गुडघ्याएवढं चिवट झुडूप, करवती कडेची पानं, नखाएवढं फिकट पिवळं फूल. ऊन वर आल्यावर ते उघडतं आणि दुपारनंतर मिटतं, म्हणून रविवारी सकाळी दहाच्या पुढे जा. साध्या भिंगातून बघितलंत तर त्याच पाच पाकळ्या आणि मधे तीच नळी, फक्त चिमुकली. ते बघून मुलं आपण होऊन ‘जास्वंद!’ म्हणतात, आणि त्यांचं बरोबरच असतं, दोन्ही एकाच कुळातली. याच कुळात स्वयंपाकघरातली भेंडी येते. आडवी चिरून दाखवा, पाच कोपरे आणि पाच कप्पे. भेंडीचं बी कुंडीत टोचलंत तर दीडेक महिन्यात फूलही बघायला मिळेल, फिकट पिवळं, पोटात गडद लालसर डाग असलेलं. कापूस आणि अंबाडीही यातलीच. मुंबईच्या रस्त्यांवर भेंडाची झाडं पुष्कळ आहेत, पिंपळासारख्या पण शेपटी नसलेल्या पानांची. त्यांचं फूल सकाळी पिवळं असतं आणि संध्याकाळपर्यंत लालसर जांभळं होतं. शाळेत जाताना एकदा आणि येताना एकदा बघायला सांगा.

मला मनापासून वाटतं की मुलांना पन्नास नावांपेक्षा असं एक कूळ आधी मिळावं. पुढच्या वेळी अनोळखी फूल दिसलं तरी ती गोंधळत नाहीत. ‘हे जास्वंदीकडचं दिसतंय’ इतकं म्हणता आलं तरी अर्धं काम झालं.

दुसरं कूळ झेंडूचं. दसऱ्याच्या आधी जमल्यास दादरच्या फूलबाजारात पहाटे घेऊन जा. गर्दी असते, मुलाला कडेवर घ्यावं लागेल, पण झेंडू, शेवंती, अष्टर, गुलछडी यांचे ढीग एकत्र बघणं वेगळंच. घरी आल्यावर एक झेंडू मोडायचा. आपण जिला पाकळी म्हणतो ती ओढून काढली की तिच्या तळाशी एक काळपट काडी येते. ती काडी म्हणजे होऊ घातलेलं बी, आणि ती ‘पाकळी’ म्हणजे एक अख्खं फूल. झेंडू ही कित्येक फुलांची वसाहत आहे, हे कळल्यावर मुलांचा चेहरा बघण्यासारखा होतो. फुटपाथवरची एकदांडी याच कुळातली : उंच बारीक दांडा, मधे पिवळी चकती, भोवती टोकाला तीन दाते असलेल्या पाचेक पांढुरक्या पट्ट्या. ती वर्षभर फुलते, त्यामुळे कधीही सापडते. याच ओघात बोगनवेलही दाखवा. तिचा गुलाबी कागदी भाग पानांचा आहे. खरी फुलं मधे तीन, नळीसारखी, पांढरी, टाचणीच्या डोक्यापेक्षा थोडी मोठी.

पाच वर्षांच्या मुलाला कुळंबिळं नकोत. त्याला वेळ द्या, म्हणजे फुलांची वेळ. केना सकाळी उघडतो आणि दुपारपर्यंत मिटतो; निळं फूल, दोन पाकळ्या मोठ्या, एक बारीकशी. एखादं रोप अलगद उपटलंत तर मुळांजवळ मातीत पांढरट फुलं सापडतात; ती कधी उमलत नाहीत, आतल्या आत त्यांचं बी तयार होतं. जमिनीखाली फुलं लागतात हे बघून पोरं वेडी होतात. ऑफिस टाइमचं फूल ऊन चढल्यावर उघडतं आणि ढगाळ दिवशी हटून बसतं. गुलबक्षी संध्याकाळी चारच्या पुढे फुलते. पारिजातकाचा सडा पहाटे पडतो. गुलबक्षीच्या काळ्या बिया एखाद्या कुंडीत आत्ताच टोचा, पावसाळा सरेपर्यंत फुलेल. बी मात्र तोंडात घालू देऊ नका, त्याने पोट बिघडतं. ही सगळी वेळापत्रकं त्याला तोंडपाठ होतील, तुम्ही काही न शिकवता.

त्याच्यासाठी आणखी दोन गोष्टी. तेरड्याची भरलेली बोंडं चिमटीत धरली की फटकन फुटतात आणि बिया उडतात. आणि गोकर्णाची निळी फुलं कोमट पाण्यात टाकून त्यात लिंबू पिळलं की निळं पाणी जांभळं-गुलाबी होतं. हे दोन्ही तो मोठा झाल्यावरही सांगेल.

आता सासूबाईंकडे येते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ त्यांच्याबद्दलची आहे. तुम्हाला क्लासची गरज नाही, घरातच जाणतं माणूस बसलंय. त्या खाली उतरत नाहीत तर फुलं वर न्या. गळलेलं फूल, एखादी डहाळी, पानाचा नीट काढलेला फोटो. मुलांनी आधी वर्णन करायचं, आजीने ओळखायचं. ‘पानाला वास आहे का? चीक निघाला का? कुठे मिळालं, उन्हात की सावलीत?’ असे प्रश्न त्या आपोआप विचारतील, आणि वनस्पतीशास्त्राचा विद्यार्थीही तेच विचारतो.

नावं जुळत नाहीत याचा त्रास करून घेऊ नका. एकदांडीलाच कोणी दगडी पाला म्हणतं, कोणी कंबरमोडी. उलट बाजूने, सोनचाफा, देवचाफा, हिरवा चाफा, नागचाफा हे चारही चाफे चार निरनिराळ्या कुळांतले, एकमेकांचे कोणी नव्हेत. म्हणून वहीत आजीचं नाव आधी लिहा, खाली पुस्तकी मराठी नाव आणि तुम्हाला हवं तर शास्त्रीय नाव. मुलांनी शास्त्रीय नाव पाठ करायची काही गरज नाही; पुढे कधी शोधायचं झालं तर ते हाताशी असावं इतकंच.

गणपतीच्या दिवसांत हे सगळं आपसूक घरी चालून येतं. पत्रीची जुडी आणलीत की ती मुलीपुढे ठेवा आणि आजीच्या देखरेखीखाली निवडायला सांगा : दूर्वा, आघाडा, शमी, रुई, धोतरा. जुडीत बऱ्याचदा भलतीच पानं कोंबलेली असतात, तीही तिलाच शोधू दे. सासूबाई मालवणच्या म्हणजे तेरड्याची गौर त्यांनी पाहिलेलीच असणार. ती कशी आणायची, कुठून आणायची, हे त्यांच्याच तोंडून ऐकू द्या.

विषारी फुलांची धास्ती रास्त आहे आणि त्याबाबत मी कडक आहे. मुलांना दोन नियम सांगा. पहिला, बाहेरचं पान, फूल, फळ, बी तोंडात घालायचं नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. सदाफुलीची पानं मधुमेहावर चावून खातात असं मुलं घरात ऐकतात; तिच्यापासून कर्करोगाची औषधं बनतात, म्हणजे ती किती तीव्र आहे बघा. दुसरा, खोडापानातून पांढरा चीक आला तर तो डोळ्यांपर्यंत जाऊ द्यायचा नाही आणि हात साबणाने धुवायचे. रुई, तगर, देवचाफा, पिवळी कण्हेर ही चिकाची मंडळी एकाच कुळातली. यात रुईचा चीक डोळ्यांना फार वाईट. कण्हेर, लाल असो की पिवळी, मुळापासून बियांपर्यंत विषारी; हृदयावर परिणाम होतो. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्यांनी खेळायची आपल्याकडे रीत होती, ती तेवढी बंद करा. धोतऱ्याच्या बिया आणि कळलावीचा कंद हेही विषारी. चुकून काही पोटात गेलंच तर घरगुती उपाय करत बसू नका. त्या झाडाची डहाळी बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठा. काय खाल्लं हे डॉक्टरांना त्यावरून कळतं.

हे सांगताना मुलांना घाबरवून मात्र टाकू नका. कण्हेर ओळखता येणारं मूल हे कण्हेरीला हात लावायलाच भिणाऱ्या मुलापेक्षा जास्त सुरक्षित असतं, असं माझं ठाम मत आहे. मुंबईच्या पावसात मला विषारी फुलांपेक्षा साचलेल्या पाण्याची काळजी जास्त वाटते. लेप्टोचा ताप अशाच पाण्यातून येतो, म्हणून डबक्यात पाय घालू देऊ नका, आणि उंच गवतात बूट घातल्याशिवाय शिरू देऊ नका.

ॲपचं थोडक्यात. गूगल लेन्स बागेतल्या फुलांना बऱ्यापैकी चालतं, बारीक रानफुलांना बऱ्याचदा फसतं. आयनॅचरलिस्टवर टाकलेला फोटो इतर जाणकार बघतात आणि दुरुस्त करतात, म्हणून मला ते अधिक आवडतं. खातं तुमच्या नावाने ठेवा. फोटो तीन काढायचे : फूल समोरून, फूल मागून, पानांसकट अख्खं झाड. आणि मुलीने आपला अंदाज वहीत लिहिल्याशिवाय मोबाइल बाहेर काढायचा नाही.

कांदिवलीकरांना बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान हाकेच्या अंतरावर आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पावसाने जरा उघडीप दिल्यावर जा. सोमवारी ते बंद असतं. तेरड्याचे गुलाबी पट्टे, रानभेंडीची पिवळी फुलं, नशीब असेल तर पिवळ्याची लाल होत जाणारी कळलावी. कारवीची झुडपं मुलीला मुद्दाम दाखवा, फुललेली नसली तरी. ती सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, म्हणजे साधारण तुमच्या मुलीचं वय आहे तेवढी वर्षं ती नुसती वाढत असते. पावसाळ्याच्या शेवटाला जांभळ्या फुलांची एक वेल आढळेल, खाजकुयली. तिच्या शेंगांवरच्या केसांनी अंगाची आग होते, तेव्हा तिला लांबूनच नमस्कार.

मोठी झाडं बघायला राणीची बाग. १८६२ साली लोकांसाठी खुली झालेली ही बाग प्राण्यांमुळे ओळखली जाते, पण खरी श्रीमंती तिथल्या झाडांची आहे, आणि कित्येक झाडांना नावाच्या पाट्या आहेत. कैलासपतीची फुलं थेट बुंध्यावर येतात. हिवाळा सरता सरता गेलात तर उर्वशी बहरलेली सापडेल. बुधवारी जाऊ नका, बाग बंद असते. धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान १९९४ मध्ये खुलं झालं. तिथे आधी शहराचा कचरा टाकत. तिथे मुलांना हे सांगा आणि मग आजूबाजूला बघू द्या. मुलगी दहा-अकराची झाली आणि गोडी टिकली तर गोरेगावला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं केंद्र आहे, तिथल्या निसर्गफेऱ्यांना पाठवा. तोवर क्लास नको.

उन्हाळ्याची काळजी वेगळी करावी लागत नाही. फेब्रुवारीत काटेसावर आणि पांगारा, एप्रिल-मेमध्ये बहावा, गुलमोहर आणि आपलं राज्यफूल ताम्हण, सगळी मुंबईच्या रस्त्यांवर आहेत. गुलमोहराच्या पाच पाकळ्यांत एक वेगळी, पांढरट-पिवळी ठिपकेदार असते. ती शोधायला लावा.

राहिला तोडण्याचा प्रश्न. सरसकट ‘तोडू नको’ म्हणणं मला पटत नाही. फूल उलगडून बघितल्याशिवाय ते कळत नाही. गळलेलं फूल नेहमीच आपलं. फुटपाथवरची एकदांडी, चिकणा, केना यांचं एखाददुसरं फूल खुशाल तोडू द्या. घरच्या कुंडीतलं विचारून. सार्वजनिक बागेतलं आणि शेजाऱ्यांचं नाही. राष्ट्रीय उद्यानातलं एक पानसुद्धा नाही. तिथे वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे, आणि कायदा नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं.

फुलं वहीत दाबून ठेवायची असतील तर पावसाळ्यात करू नका, मुंबईच्या दमट हवेत दोन दिवसांत बुरशी येते. तोवर मुलांनी चित्रं काढावीत, वेडीवाकडी चालतील, पण पानाची जोडणी खरी हवी. ऑक्टोबरचं ऊन पडलं की जुन्या वर्तमानपत्रांच्या घडीत फूल पानासकट पसरायचं, वर जाड पुस्तकं, आणि पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदलायचा. जास्वंद रसाळ असते, ती चिकटते; एकदांडी आणि तेरड्याची पानं छान वाळतात. वाळलेल्या फुलाखाली तारीख, जागा, कोणाला सापडलं आणि आजी काय म्हणाली, एवढं मुलीने स्वतःच्या अक्षरात लिहायचं. मुलाला अजून लिहिता येत नसेल तर त्याने सांगावं आणि बहिणीने लिहावं.